डाव्या खांद्यामागचा कॉक

आमच्या सौंसरकडे बैलजोडी विकत घेतली की कासरा लगेच हातात घेत नाहीत. दात पाहून झाले, सौदा ठरला, पैसे मोजून झाले, तरी मामा विकणाऱ्याला म्हणत, "एक चक्कर मारून दाखव बाप्पा." मग जुना धुरकरी पुढे, मामा त्याच्या मागे, आणि मी मागच्या फळीवर पाय हलवत. एकदा एका म्हाताऱ्याने उतरता उतरता सांगितलं, "थो ढवळ्या डाव्या अंगाचा आहे. उजवीकडं जुपू नोको." मामा चाळीस वर्षं बैल हाकत होते. त्या जोडीच्या बाबतीत मात्र ते अर्ध्या कोसापुरतेच जुने होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

घरी बांधलेल्या छोट्या विमानांच्या जगात या अर्ध्या कोसाला 'ट्रान्झिशन ट्रेनिंग' म्हणतात. विमान चालवता येणाऱ्यालाच ते द्यायचं असतं, आणि खरी अडचण तिथेच असते. नवशिक्या निदान भितो तरी.

अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये विमान बांधतात. त्यांची मोठी संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, 1953 साली सुरू झाली. तिथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानेच केलेलं हवं; 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' हे त्याचं बोलीतलं नाव. अशी विमानं पुढे विकलीही जातात. मग ज्याने एक खिळाही ठोकला नाही तो मालक होतो. कंपनीच्या दोन सेसना विमानांमध्ये फरक सापडणं कठीण. एकाच आराखड्यावरून दोघांनी घरी बांधलेल्या विमानांत मात्र दोन घरांच्या स्वयंपाकघरांइतका फरक असू शकतो. मीठ कुठल्या डब्यात आहे, हे त्या घरच्या माणसालाच माहीत.

जॉन डेन्व्हर हा गायक आपल्याकडे कॉलेजात गिटार वाजवणाऱ्या पोरांमुळे घरोघरी पोचलेला. तो सत्तावीसशेहून अधिक तास विमान चालवलेला वैमानिकही होता. 1997 साली त्याने एक जुनं लाँग-ईझी घेतलं. बर्ट रुटानच्या आराखड्याचं हे विमान उलटंच दिसतं: छोटा पंख पुढे नाकापाशी, मोठे पंख मागे, इंजिन आणि पंखा शेपटीकडे. उभं केलं की उंट गुडघे टेकतो तसं नाक जमिनीला टेकवून बसतं. बंगळूरच्या नॅशनल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीनेही 1980 च्या दशकात याच आराखड्यावरून एक संशोधन-विमान बांधून उडवलं होतं, तेव्हा हे वाण आपल्याला अगदीच परकं नाही.

रुटानच्या आराखड्यात एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा इंधनाचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. डेन्व्हरचं विमान ज्याने बांधलं त्याला इंधनाच्या नळ्या बसण्याच्या जागेत नको होत्या, म्हणून त्याने कॉक नेला डाव्या खांद्याच्या मागे. त्यावर कुठली बाजू कुठल्या टाकीची हे लिहिलेलं नव्हतं. टाकीत किती आहे हे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्याही पाठीमागे.

जुन्या मोटारसायकलवर पेट्रोल संपत आलं की आपण चालत्या गाडीत डावा हात खाली घालून कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवत असू. रस्त्यावरची नजर न काढता. बोटांना जागा पाठ असे. आता तोच कॉक कुणी सीटमागे, पाठीच्या कण्याजवळ लावून दिला असं समजा. वर, तुमचा उजवा हात हँडलवर असताना त्याच हाताने तो फिरवायचा आहे, कारण डावा हात खांद्यामागे तसा वळत नाही.

11 ऑक्टोबरला डेन्व्हरला या विमानाची ओळख करून देण्यात आली, ती साधारण अर्ध्या तासाची. 12 तारखेला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या विमानतळावर त्याने इंधन भरून घ्यायला नको म्हटलं, तासाभराचंच उडायचं होतं. कॉकचा दांडा हाताला येत नाही म्हणून तिथल्या मेकॅनिकने पकड लावून पाहिली होती, मागची नळी दिसावी म्हणून आरसा दिला होता. डेन्व्हरने तीन वेळा धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उड्डाण केलं. मग समुद्राकडे वळला आणि थोड्याच वेळात विमान सरळ पाण्यात गेलं.

तपास करणाऱ्यांनी तशाच दुसऱ्या विमानात बसून पाहिलं. कॉक गाठायला अंग डावीकडे पिळलं की तोल सावरायला उजवा पाय आपोआप रेटला जात होता, आणि उजव्या पायाखाली होतं विमान उजवीकडे वळवणारं रडर. अहवालात कारणं बरीच आहेत. इंधनाची तयारी, कॉकची जागा, खुणा नसलेल्या नळ्या. त्यांतच एक ओळ अपुऱ्या ट्रान्झिशन ट्रेनिंगची. मला त्या अहवालात सगळ्यात जास्त खटकते ती अर्ध्या तासाची ओळख. त्या अर्ध्या तासात त्याने विमान उतरवून दाखवलं होतं आणि ते चांगलं उतरलं होतं. कॉक उडताना फिरवून पाहा, असं त्याला कुणी म्हटलं असतं तर?

चांगला शिक्षक नेमकी इथूनच सुरुवात करतो. पहिला तास जमिनीवर, इंजिन बंद. विद्यार्थ्याला डोळे मिटायला सांगायचं आणि एकेक नाव घ्यायचं: इंधनाचा कॉक, थ्रॉटल, मिक्श्चर, दाराची कडी. हात न चाचपडता तिथे गेला पाहिजे. नाही गेला तर पुन्हा. हे पोरखेळासारखं दिसतं, आणि हजार तास उडवलेल्या माणसाला त्याची लाजही वाटते.

मग हवेत, उंचावर. विमान हळू, आणखी हळू करत न्यायचं आणि उडणं सोडून देण्याआधी ते काय कुरकुर करतं ते ऐकायचं. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात सेसनावर हात बसलेला माणूस घ्या. सेसना क्षमाशील बाई आहे, बोलावून सांगते. हलक्या घरगुती विमानांपैकी काही असं काहीच सांगत नाहीत. काही इतकी हलकी आणि वाऱ्याला अडणारी असतात की इंजिन गेलं की वेग दोन-तीन श्वासांत संपतो. नाक त्याच क्षणी खाली गेलं नाही तर मग उपाय नाही. काहींचं उलट, इतकी गुळगुळीत की उतरताना वेग कमीच होत नाही, धावपट्टी खालून निघून जाते. म्हणून शिक्षक न सांगता थ्रॉटल मागे ओढतो आणि गप्प बसतो. विद्यार्थ्याचा हात कुठे जातो तेवढंच बघतो. बहुतेक वेळा तो जुन्या विमानातल्या जागी जातो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, 2011 मध्ये याविषयी एक मार्गदर्शक काढलं. त्यात विमानं नावांनी नव्हे, स्वभावांनी गटवली आहेत. तुमचंच विमान शिकायला मिळत नसेल तर त्याच स्वभावाच्या दुसऱ्यावर शिका. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याच देशाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये आदल्या वर्षीचे घरगुती विमानांचे अपघात तपासले. मालकाने स्वतः बांधलेल्या 102 अपघातग्रस्त विमानांपैकी 10 पहिल्याच उड्डाणात पडली होती. विकत घेतलेल्या 125 पैकी 14 नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणात. बांधणाऱ्याला निदान कॉक कुठे लावला हे माहीत असतं!

एक गंमत तिथल्या नियमांची. घरगुती विमान भाड्याने देऊन पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे शिकवण्यासाठी ते वापरायचं तर वेगळं परवानगीपत्र लागतं. आणि चाचणीच्या पहिल्या तासांत विमानात फक्त अत्यावश्यक माणूस, म्हणजे बहुधा एकटा मालक. ज्या तासांत शेजारी जाणता माणूस सगळ्यात जास्त हवा, नेमक्या त्याच तासांत त्याला बंदी होती. 2014 मध्ये अटींसह दुसऱ्या वैमानिकाला बसू देण्याची सोय झाली.

विमान म्हटलं की मराठी माणूस तळपद्यांच्या चौपाटीवर जाऊन पोचतो. तळपद्यांनी तिथे विमान उडवल्याची ती गोष्ट पुराव्यात टिकत नाही. आपल्याकडचं खरं उदाहरण कांदिवलीच्या चारकोपचं आहे. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी, आधीचे प्रयत्न फसल्यावर, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं. 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. उडवून पाहण्याचा परवाना 2019 मध्ये. पुढच्या चाचण्यांना धुळ्याची धावपट्टी, जिथे मुंबईच्या फ्लाइंग क्लबाची शिकाऊ विमानंही उडतात.

एअरलाइनच्या वैमानिकाला ट्रान्झिशन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोइंगवरून एअरबसवर जायचं तर आधी वर्ग, मग सिम्युलेटरमध्ये आठवडे, मग जाणत्या कॅप्टनशेजारी बसून खरी उड्डाणं. यादवांच्या विमानाला सिम्युलेटर नाही. दुसरं तसं विमान नाही, म्हणून त्यावर हात बसलेला माणूसही नाही. अशा वेळी शिकायचं ते जमिनीवरून चढत्या पायऱ्यांनी: आधी नुसतं हळू चालवणं, मग वेगात धावणं आणि ब्रेक, मग शेपूट कधी हलकी होते, रडर कधी पकड घेतं ते टिपून ठेवणं. मामांच्या भाषेत, जुना धुरकरी नाही म्हणून बैलांशीच बोलत बसायचं.

धुळ्याला ते विमान पहिल्यांदा ज्याने सांभाळलं, त्याच्या शेजारी त्याची खोड माहीत असलेलं कुणी नव्हतं. दुसरा कुणी त्यात बसेल तेव्हा, निदान अर्ध्या कोसापुरतं, कुणीतरी असेल. "हा इथं हात नोको लावू, आधी तिकडचं बघ" असं सांगणारं.