जाताना वारा समोर : जोहान्सबर्ग ते केपटाउन

जोहान्सबर्गहून केपटाउनला जायला विमानाच्या वेळापत्रकात साधारण दोन तास दहा मिनिटे धरलेली असतात. परत येताना मात्र बहुतेक वेळा दोन तासही लागत नाहीत. अंतर तेवढेच, सुमारे 1,270 किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेत सगळीकडे घड्याळही एकच, त्यामुळे काटे मागेपुढे करण्याचा प्रश्न नाही. मग ही दहा-पंधरा मिनिटे जातात कुठे? मागच्या भागात आपण दोन शहरांमधले हवाई अंतर कसे मोजतात ते पाहिले. आज त्या अंतराला वेळ किती आणि का लागतो, ते बघू.

मिनिटे खातो तो वारा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते आणि या भागात त्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. जून ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा; तेव्हा त्याचा जोर आणखी वाढतो. केपटाउन आहे जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला. म्हणजे जाताना वारा तिरपा का होईना, तोंडावर येतो आणि येताना पाठीशी असतो.

कागद-पेन्सिल घेऊन करावा असा हा हिशेब आहे. विमानाचा हवेतला वेग ताशी 820 किलोमीटर धरा. वारा अजिबात नसेल तर 93 मिनिटे लागतील. आता समोरून ताशी 100 किलोमीटरचा वारा आला, तर वेग उरतो 720 आणि वेळ होते 106 मिनिटे. तोच वारा पाठीशी असला की 83. म्हणजे जाताना 13 मिनिटे गेली आणि येताना 10च परत मिळाली! समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, म्हणून ही फेड कधीच पूर्ण होत नाही. मला स्वतःला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा आकडे तीनदा तपासून पाहिले होते.

उरलेला वेळ जमिनीजवळ जातो. वेळापत्रकातली वेळ विमान जागचे हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल आली, रांग आली, चढणे-उतरणे आले. जोहान्सबर्गचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,694 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. विरळ हवेत पंखांना आधार कमी आणि इंजिनाला जोर कमी, म्हणून उडण्याआधी विमानाला जास्त वेगाने आणि जास्त लांब धावावे लागते. तिथली मोठी धावपट्टी 4.4 किलोमीटरची आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागतो तो वेगळाच.

रस्त्याने हेच अंतर ब्लूमफाँटेन आणि कारूच्या कोरड्या माळावरून 1,400 किलोमीटरच्या आसपास भरते. गाडी चालवण्यातच पूर्ण दिवस जातो.

केपटाउनला पोहोचल्यावरही वारा पाठ सोडत नाही. विमान उतरवायचे ते वाऱ्याकडे तोंड करून. उन्हाळ्यात तिथे आग्नेयेचा वारा सुटतो, तेव्हा उत्तरेकडून थेट उतरता येते. हिवाळ्यात वायव्येचा वारा असला की विमान शहर ओलांडून दक्षिणेला फॉल्स बेच्या पाण्यावर जाते, तिथे वळते आणि मागे फिरून उतरते.

पुढच्या भागात अदिस अबाबाला जाऊ. तिथे सकाळी सात वाजता लोक एक वाजला म्हणतात.