यंत्र अभियांत्रिकीची पदवी : कर्ज किती, कमाई किती?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वरसे गावात आणि रोह्याच्या आसपासच्या वाड्यांमधून दरवर्षी एकच विषय निघतो. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचे. कोणत्या शाखेला, असे विचारले तर बहुतेक वडिलांचे उत्तर 'मेकॅनिकल' असे येते. त्याला कारणही तसेच आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाईप, पंप आणि बॉयलर यांच्या संगतीत ज्यांची हयात गेली, त्यांनी पाहिलेला साहेब हा मेकॅनिकलचाच होता. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना ही नावे ऐकत आपली मुले वाढली. तेव्हा बापाने फिटर म्हणून काम केले, मुलाने इंजिनिअर व्हावे, ही इच्छा रास्तच आहे. परंतु ही इच्छा पुरी करण्यासाठी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरात बसून साधी बेरीज-वजाबाकी होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अनुभव आमच्या घरातलाच आहे. आमच्या पुतण्याने 2015 साली बारावी केली. गुण बरे होते. पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र हाती नव्हते, त्यामुळे केंद्रीय प्रवेश फेरीत, म्हणजे ज्याला सर्वजण कॅप म्हणतात तीत, राखीव जागेवरचा त्याचा हक्क गेला. त्याच सुमारास एक एजंट भेटला. पुण्याकडच्या एका कॉलेजात संस्था पातळीवरची जागा आहे, बँक कर्ज देते, मुलाचे वर्ष वाया जाणार नाही, असे त्याने सांगितले. आम्ही सर्वांनी मान डोलावली. त्या जागेवर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे आम्हाला दुसऱ्या सहामाहीत कळले. चार वर्षांत सात लाखांचे कर्ज झाले, जामीन वडील. मुलगा 2019 मध्ये पास झाला आणि चाकणला ठेकेदारामार्फत चौदा हजारांवर लागला. हप्ता सुरू होण्याची वेळ आली ती 2020 च्या मध्यावर. कारखाने बंद, मुलगा घरी. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी 31 ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, पण व्याज थांबले नव्हते. सप्टेंबरात बँकेचे पत्र आले तेव्हा हप्ता सुमारे साडेबारा हजारांचा होता. चौदा हजार पगार आणि साडेबारा हजार हप्ता! वडिलांनी सेवानिवृत्तीच्या रकमेतून काही भाग फेडला म्हणून घर सावरले.

हा हप्ता कसा निघतो ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. सोयीसाठी व्याजदर दहा टक्के धरू आणि दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज घेतले असे मानू. शैक्षणिक कर्जाला शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढी सवड असते. लोक या सवडीला 'बिनव्याजी' समजतात. तसे नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे सरळव्याज चढते. म्हणजे एक लाख चाळीस हजार. फेड सुरू होते त्या दिवशी डोक्यावर चार नव्हे, पाच लाख चाळीस हजार असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 7,140 रुपये पडतात आणि एकूण भरणा साडेआठ लाखांच्या वर जातो. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता 5,800 वर येतो, पण एकूण भरणा साडेदहा लाखांच्या घरात पोहोचतो. बँकेचा माणूस कमी हप्ता मोठ्या आवाजात सांगतो. एकूण रक्कम आपण विचारावी लागते.

आता दुसरी बाजू. नव्या पदवीधराला पहिल्या दिवशी साहेबाचा पगार मिळत नाही. पुष्कळांची सुरुवात शिकाऊ उमेदवार म्हणून होते. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. त्याखालील 2019 च्या सुधारित नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन 9,000 रुपये आणि पदविकाधारकाचे 8,000 रुपये ठरले होते. चार वर्षांच्या पदवीचा फरक किमान पातळीवर एक हजार! पुढे हा फरक वाढतो, हे खरे. देखभाल विभागात आठ-दहा वर्षे काढलेला, बाष्पके संचालनालयाची बॉयलरची परीक्षा पास झालेला किंवा संगणकावर डिझाईन करू शकणारा अभियंता चांगले कमावतो. पण हप्ता पहिल्या तीन वर्षांत भरायचा असतो आणि चांगला पगार त्यानंतर येतो. या मधल्या काळातच कर्ज थकते. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते, मुलाचे आणि जामिनाचे दोघांचेही नाव सिबिलमध्ये खराब होते, आणि उद्या घरकर्ज मागायला गेले की तोच कागद समोर येतो.

तर मग शिकू नये काय? असे आम्ही कसे म्हणू! बाबासाहेबांनी 1913 साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेतली तेव्हा परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर सही केली होती. 1920 मध्ये लंडनला अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास निघताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये एवढी पुंजी त्यांच्याजवळ होती. स्वतःची शिल्लक, मदत आणि मग उरलेल्या गरजेपुरते कर्ज. आमच्या पुतण्याच्या बाबतीत आम्ही याच्या नेमके उलट केले.

मदत कोणती, ते सांगतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि उत्पन्न त्याहून अधिक असल्यास राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. दोन्हींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. शिष्यवृत्तीतील केंद्राचा हिस्सा 2021 पासून विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो कॉलेजात भरायचा असतो. तो मोबाईलवर खर्च केला की परीक्षेच्या अर्जाच्या वेळी रडायची पाळी येते, तीही आम्ही पाहिली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये आहे. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. एवढे मिळाले तर कर्ज फार थोडे उरते. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास त्या उरलेल्या कर्जावरील सवडीच्या काळातील व्याज केंद्राच्या अनुदान योजनेतून मिळू शकते. त्यासाठी कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकित आहे काय, हे प्रवेशापूर्वी पाहावे. वरच्या उदाहरणात हे व्याज सुटले तर दहा वर्षांचा हप्ता 7,140 ऐवजी 5,290 च्या आसपास येतो.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे आपले लोक उगाच कमीपणाने पाहतात. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि नंतर थेट द्वितीय वर्षात पदवीला प्रवेश. दहावीपासून मोजले तर बारावीच्या वाटेने सहा वर्षे लागतात, पदविकेच्या वाटेनेही सहाच. फरक एवढाच की पदविकेच्या वाटेवर तीन वर्षांनी हातात एक नोकरीलायक कागद असतो. घरात अडचण आली, तर एकोणिसाव्या वर्षी धाटावला कामाला लागता येते. दोन वर्षे कमावून पुन्हा पदवीला जाता येते. बारावीच्या वाटेवर दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटले तर हाती बारावीच राहते आणि कर्ज मात्र पदवीचे. शिवाय माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून उभे आहे. ते रोह्यापासून फार दूर नाही. ते सोडून केवळ 'पुण्याचे कॉलेज' म्हणून दुप्पट खर्च करण्यात काय शहाणपण आहे, ते आम्हाला समजत नाही.

कॉलेज निवडताना 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या फलकावर जाऊ नये. मागील वर्षी मेकॅनिकलचे किती विद्यार्थी पास झाले, त्यांतील किती जण यंत्राच्याच कामावर लागले आणि किती कॉल सेंटरला, हे त्याच कॉलेजातील शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारावे. ती मुले खरे सांगतात. मग जो पगार समजेल त्यातून खोलीभाडे, मेस आणि घरी पाठवायचे पैसे वजा करावेत. उरलेल्या रकमेच्या निम्म्यापेक्षा हप्ता जास्त होत असेल तर तेवढे कर्ज घेऊ नये, असे आमचे मत आहे. निम्मेच का, तर कारखाना कधीही बंद पडतो.

आणि यंदा ज्यांची मुले अकरावी सायन्सला आहेत, त्यांनी कॉलेजच्या कार्यालयातून जात पडताळणीचा अर्ज आताच भरून घ्यावा. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यातच दोन-तीन महिने जातात. आमच्या पुतण्याचे प्रमाणपत्र आले तेव्हा त्याचे पहिले सत्र संपत आले होते.