पडणे लांबवण्याचे शास्त्र

डिसेंबर २०२०. स्लोव्हेनियातील प्लानिका येथे स्की फ्लाइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. दोन दिवसांत चार उड्डाणे, तीही दोनशे मीटरच्या आगेमागे. चारही फेऱ्यांची बेरीज झाली तेव्हा जर्मनीचा कार्ल गायगर नॉर्वेच्या हाल्वोर ग्रानेरुदच्या पुढे होता, तो अवघ्या अर्ध्या गुणाने. या खेळात एका मीटरला १.२ गुण मिळतात. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांत अर्ध्या मीटरचेही अंतर नव्हते.

स्की फ्लाइंग हे स्की जम्पिंगचेच मोठे रूप. ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नाही. त्याची स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९७२मध्ये प्लानिकातच सुरू झाली आणि पहिला मान स्वित्झर्लंडच्या वाल्टर श्टायनरने मिळवला. आता ती दर दोन वर्षांनी भरते. एवढ्या लांब उड्डाणांच्या टेकड्या जगात मोजक्याच आहेत : प्लानिका, नॉर्वेतील व्हिकेरसुंड, जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ, ऑस्ट्रियातील कुल्म.

पाहणाऱ्याला वाटते, खेळाडू वर झेप घेतो. प्रत्यक्षात घसरत येण्याच्या उताराच्या ज्या टोकावरून तो सुटतो, तेच सुमारे ११ अंश खाली कललेले असते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने तो तिथे पोहोचतो आणि पाय सरळ करून स्वतःला ढकलायला त्याला जेमतेम ०.३ सेकंद मिळतो. त्यापुढे सात-आठ सेकंद त्याचे काम एकच : पडणे लांबवणे. धावत्या गाडीबाहेर किंचित वर कलता धरलेला तळहात जसा उचलला जातो, तसे त्याचे अंग आणि स्की हवेवर तोलले जातात. १९८०च्या दशकात स्वीडनच्या यान बोकलेव्हने दोन्ही स्की समांतर न ठेवता पुढून फाकवल्या. परीक्षकांनी शैलीचे गुण कापले, पण रुंदावलेल्या पृष्ठभागाने वर उचलणारे बल भरपूर वाढत होते. १९८८-८९चा विश्वचषक त्याने जिंकला आणि काही वर्षांत सगळेच तसे उडू लागले.

वर उचलणारे हे बल हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. समोरून सेकंदाला दोनच मीटर वारा आला, तरी बल जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढते. वाऱ्याची ही मेहेरबानी निकालात शिरू नये म्हणून उतारावर वारा मोजतात. समोरून वारा असला तर गुण वजा, पाठीमागून असला तर गुण जमा. उड्डाणे धोकादायक लांबीची होऊ लागली की पंच घसरण्याच्या सुरुवातीची जागा खाली आणतात, म्हणजे वेग कमी होतो. स्कीची लांबी उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि वजन उंचीच्या मानाने फार कमी असेल तर तीही घटवतात. हलके होण्यासाठी खेळाडू उपाशी राहू लागले होते, त्याला हा लगाम.

जागतिक अजिंक्यपदात सांघिक स्पर्धाही २००४पासून आहे. चौघांनी प्रत्येकी दोनदा उडायचे आणि आठही उड्डाणांची बेरीज करायची. एकाचे उड्डाण फसले तर इतरांची कमाई वाया जाते.

आणि विक्रम? १९३६मध्ये सेप ब्राडलने प्लानिकात १०१.५ मीटर गाठले, १९९४मध्ये टोनी निएमिनेनने २०३. मार्च २०२५मध्ये डोमेन प्रेव्ह्त्सने २५४.५ मीटर नोंदवले, तेही प्लानिकातच. त्याआधी, एप्रिल २०२४मध्ये जपानच्या र्‍योयु कोबायाशीने आइसलँडमध्ये खास बांधलेल्या उतारावर २९१ मीटर पार केले होते. पण ते अधिकृत स्पर्धेबाहेरचे असल्याने आंतरराष्ट्रीय महासंघाने विक्रम म्हणून धरले नाही. यातून एक गोष्ट मात्र उघड झाली : आजचा अधिकृत आकडा माणसाची नव्हे, टेकडीची मर्यादा सांगतो. म्हणूनच या खेळात खरे मोल विक्रमापेक्षा अजिंक्यपदाचे. तिथे टेकडी सर्वांना सारखी असते आणि वाऱ्याचाही हिशेब लागतो.