विट्सापानची बालवाडी

नाहुआत ही मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमधील पिपिल लोकांची भाषा. मेक्सिकोतल्या नाहुआत्लची ती जवळची नातलग. देशातल्या कित्येक गावांची नावे तिच्यातूनच आली. बोलणारे मात्र मोजकेच उरले. २००७च्या जनगणनेत ते ९७ भरले, तर युनेस्कोच्या अंदाजाने सुमारे २००. बहुतेक वयस्कर, आणि सोन्सोनाते प्रांतातल्या सांतो दोमिंगो दे गुस्मान ऊर्फ विट्सापान या गावाच्या आसपासचे.

स्पॅनिश राजवटीपासून मागे हटत आलेल्या या भाषेवर मोठा घाव पडला तो १९३२च्या जानेवारीत. पश्चिमेकडच्या कॉफीच्या मुलखात शेतकरी उठले. जनरल मार्तिनेसच्या सरकारने हजारो माणसे मारली; इसाल्कोचे पुढारी फेलिसियानो आमा यांना फासावर लटकवले. आपण पिपिल आहोत हे दिसणेही जिवावर बेतू लागले. अनेक आईबापांनी मुलांशी नाहुआत बोलणे सोडले. लेकरांच्या जिवासाठी घेतलेल्या या निर्णयाला अनास्था म्हणणे अन्यायाचे ठरेल.

विट्सापान मातीच्या खापरांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले कुंभारकाम बायकांच्या हातात असते. भाषाही टिकली ती मुख्यतः अशा घरांतल्या वयस्कर बायकांच्या तोंडी. २०१० साली डॉन बॉस्को विद्यापीठाने भाषाशास्त्रज्ञ होर्हे लेमुस यांच्या पुढाकाराने इथे ‘कुना नाहुआत’ ही बालवाडी उघडली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना इथे गावातल्याच नाहुआत बोलणाऱ्या बायका सांभाळतात. त्यांना आदराने ‘नानत्सिन’, म्हणजे आई, म्हणतात. व्याकरणाचे धडे नाहीत. मुलांशी बोलायचे ते नाहुआतमधूनच. मधली पिढी निसटली, म्हणून भाषा आजीकडून थेट नातवंडांकडे द्यायची, ही यातली खरी सुंदर कल्पना.

अडचण घरीच सुरू होते. मूल नाहुआत बोलत आले तरी आईबापांना उत्तर देता येत नाही. पहिलीपासून शाळा स्पॅनिशमधून, पुढे रोजगारही स्पॅनिशमधून. लायल कॅम्पबेल यांचे १९८५चे व्याकरण आणि ॲलन किंग यांचे नव्या कराराचे भाषांतर मोलाचे आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याला गोष्टींची पुस्तके, वर्गात नाहुआत बोलणारे शिक्षक आणि एकमान्य लेखनपद्धती हवी. आज एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. राज्यघटना देशी भाषांना वारसा मानते, २०१४च्या दुरुस्तीने मूळ रहिवाशांनाही मान्यता दिली. वर्ग चालवायला मात्र माणसे लागतात. शहरातली काही तरुण मंडळी आता हौसेने नाहुआत शिकत आहेत. त्यांच्यातून शिक्षक घडायचे, तर ते या आज्यांच्या हयातीतच घडायला हवेत.