‘नाहीतर प्राध्यापक’: लॉगिनमागच्या स्क्रिप्टबद्दलचे गैरसमज

“अहो, त्यात काही नाही. दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट आहे. डिरेक्टरीतली माहिती उचलते आणि समोरच्याला हव्या त्या नावाने पुढे पाठवते.” विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या आयटी विभागांत हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं, की ऐकणारे ग्रंथपाल किंवा कुलसचिव मान डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून हा लेख. कारण ती स्क्रिप्ट निर्णय घेते. कोणाला काय उघडायचं, याचा निर्णय. आणि तो कोणी घेतला, असं नंतर विचारलं तर कोणाकडेच उत्तर नसतं.

सिंगल साइन-ऑनमध्ये पासवर्ड एकदाच, आपल्या संस्थेच्या पानावर टाकायचा असतो. पुढे जर्नल्स, ई-बुक्स, शिकवणीचं पोर्टल ही सगळी दारं त्याच ओळखीवर उघडतात. संस्थेचा सर्व्हर आणि प्रकाशकाचा सर्व्हर यांचं बोलणं बहुतेक ठिकाणी सॅमल २.० या प्रमाणानुसार चालतं. ओएसिस या संस्थेने ते २००५ साली मंजूर केलं. शैक्षणिक जगात त्यासाठी शिबोलेथ हे सॉफ्टवेअर फार वापरलं जातं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘इन्फेड’ त्यावरच उभं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या ग्रंथालयांना हे नाव अपरिचित नाही.

यात प्रकाशकाला तुमचा पासवर्ड कळत नाही, पुष्कळदा नावही कळत नाही. त्याच्या हाती येतात फक्त ॲट्रिब्यूट, म्हणजे तुमच्याबद्दलची छोटी विधानं. अनेकदा एकच विधान पुरतं: ‘मेंबर’, आणि पुढे संस्थेचं डोमेन. एवढ्यावर लेख उघडतो.

आता हा ‘मेंबर’ डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या नोंदींत, शोधून पाहा. बहुतेक ठिकाणी तो तिथे नसतोच. तिथे कर्मचारी प्रकार असतो, विभाग असतो, प्रवेशाचं वर्ष असतं. ‘मेंबर’ हा शब्द लॉगिनच्या क्षणी तयार होतो, आणि तो तयार करते आपली ती ‘दहा-पंधरा ओळींची’ स्क्रिप्ट. जो शब्द मुळात नव्हताच, तो नुसता ‘पुढे पाठवला’ कसा जाईल?

कोणाला शंका असेल तर एडूपर्सन हे प्रमाण उघडून पाहावं. संस्थेशी माणसाचं नातं सांगायला त्यात आठच शब्द दिले आहेत: फॅकल्टी, स्टुडंट, स्टाफ, एम्प्लॉयी, मेंबर, ॲफिलिएट, ॲलम आणि लायब्ररी-वॉक-इन. ‘मेंबर’ कोण? ज्याला संस्थेच्या मूलभूत सुविधा पूर्णपणे मिळतात तो. नुसता व्यवहारापुरता संबंध असलेला माणूस ‘ॲफिलिएट’. माजी विद्यार्थी ‘ॲलम’, आणि इतर शब्द लागू आहेत म्हणून ‘ॲलम’ लागू होतो किंवा बाद होतो असं समजू नये, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. लायब्ररी-वॉक-इन तर माणसाचा गुणच नाही. तो आत्ता ग्रंथालयाच्या इमारतीत आहे, एवढंच तो शब्द सांगतो. तोच माणूस घरी गेला की शब्द लागू नाही. अशी गोष्ट डिरेक्टरीत कायमची लिहून ठेवता येत नाही, ती त्या त्या वेळी ठरवावी लागते. कुठल्या खोलीतल्या संगणकांना ग्रंथालय म्हणायचं, हे ग्रंथपालांनी सांगायचं असतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो.

आता एक नेहमीची स्क्रिप्ट जवळून पाहू. ती कर्मचारी प्रकाराचा रकाना वाचते. त्यात लहान अक्षरांतला ‘student’ हा शब्द सापडला, तर ‘स्टुडंट’ आणि ‘मेंबर’ देते. नाहीतर ‘फॅकल्टी’ आणि ‘मेंबर’ देते. संपलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोनच प्रकारची माणसं होती, आणि चाचणीलाही त्याने एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक घेतले. दोघांचं लॉगिन झालं, स्क्रिप्ट सुरू झाली.

त्या ‘नाहीतर’मध्ये कोण कोण शिरलं ते बघा. निवृत्त प्राध्यापक, ज्यांचं खातं फक्त ईमेलपुरतं चालू ठेवलं होतं. कंत्राटी सुरक्षारक्षक. परिसंवादासाठी आठवडाभर खातं दिलेले पाहुणे. पदवी घेऊन गेलेला विद्यार्थी, ज्याचा प्रकार बदलून ‘माजी’ केला गेला. आणि ज्याचा रकाना रिकामाच राहिला असा प्रत्येक जण. हे सगळे एका ओळीत प्राध्यापक झाले. जर्नल्सच्या बहुतेक परवान्यांत माजी विद्यार्थ्यांना घरून वाचायची मुभा नसते. गैरवापर आढळला तर संस्थेचा प्रवेश थांबवण्याचा हक्क प्रकाशक अनेक करारांत राखून ठेवतात. मग खऱ्या विद्यार्थ्यांनाही लेख मिळत नाहीत.

त्याहून बारीक एक सापळा आहे. कार्यालयातल्या कोणी तोच शब्द कधी पहिलं अक्षर मोठं करून भरला, तर डिरेक्टरीला फरक पडत नाही. डिरेक्टरीतल्या रकान्यांची व्याख्या करणाऱ्या आरएफसी २७९८ या दस्तऐवजानुसार या रकान्यात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद धरला जात नाही. शोधलं तर दोन्ही नोंदी सापडतात आणि ॲडमिनला सगळं ठीक दिसतं. पण स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते, आणि जावास्क्रिप्टची तुलना असा भेद धरते. तिला तो शब्द ओळखू येत नाही, आणि पहिल्या वर्षाची मुलगी थेट ‘नाहीतर’मध्ये जाऊन प्राध्यापक होते. कुठेही एररचा संदेश येत नाही. चुकीच्या माणसाला दार उघडलं तर तक्रार कोण करणार?

उपाय अवघड नाही, म्हणून तर राग येतो. ओळखीच्या प्रकारांची यादी करावी, अक्षरं एकसारखी करून मगच तुलना करावी, आणि यादीत न बसणाऱ्याला काहीही देऊ नये. शेवटची ओळ रिकामी ठेवावी. ज्याचं दार अडेल तो फोन करेल आणि चूक त्याच दिवशी कळेल. ती यादी कुलसचिव आणि ग्रंथपाल यांच्या सहीने कागदावर असावी, स्क्रिप्टने फक्त तिची अंमलबजावणी करावी. अमुक माणूस अमुक प्रकाशकाकडे गेला तर कोणते ॲट्रिब्यूट जातील, हे लॉगिन न करता दाखवणारी एएसीएलआय नावाची कमांड शिबोलेथमध्ये आहे. रिकामा रकाना, निवृत्त, पाहुणा, माजी या सगळ्यांची खाती तिच्यातून काढून पाहावीत.

“पण सॅमलच्या उत्तरावर डिजिटल सही असते ना?” असते. तहसीलदारांची सही असलेला उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांनीच दिला एवढं सही सांगते, आतला आकडा बरोबर आहे हे सांगत नाही. इथेही तसंच. विधान तुमच्या संस्थेने केलं आणि वाटेत कोणी बदललं नाही, याची हमी मिळते. चुकीचं विधानही तितक्याच पक्क्या सहीने जातं.

दुसरा गैरसमज नावांचा. नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव जोडून स्क्रिप्टने ओळखक्रमांक बनवला, की काम झालं असं समजतात. महाराष्ट्रात? एकाच विभागात एस. पाटील किती निघतील याचा विचार करा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेला प्रकाशकाचा सर्व्हर नवीनच व्यक्ती समजतो, आणि तिने जपून ठेवलेल्या याद्या जुन्या नावाखाली अडकतात. ओएसिसने २०१९ मध्ये यासाठी वेगळे ओळख-ॲट्रिब्यूट ठरवून दिले. त्यांतला ओळखक्रमांक एकदा एका माणसाला दिला की दुसऱ्याला द्यायचा नाही. तो नावावरून बनवू नये.

“जावास्क्रिप्ट आहे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालते, वापरणारा ती बदलू शकेल.” नाही. ती संस्थेच्या सर्व्हरवर चालते, वापरणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. काळजी उलट बाजूची आहे: ती सर्व्हरच्या अधिकाराने चालते. म्हणूनच कीक्लोक या सिंगल साइन-ऑनच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिनच्या पानावरून स्क्रिप्ट चढवता येत नाही. ती जार फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर ठेवावी लागते.

“एकदा लिहिली की कायमची चालते.” अशा स्क्रिप्ट चालवणारं, जावा ८ सोबत आलेलं नॅशॉर्न इंजिन जावा १५ मधून काढलं गेलं. शिबोलेथच्या पाचव्या आवृत्तीला जावा १७ लागतं, तिथे ते प्लगिन म्हणून वेगळं बसवावं लागतं.

“स्क्रिप्टने बनवलं म्हणजे सगळ्यांना गेलं.” नाही, पुढे फिल्टर असतो, आणि त्यात परवानगी लिहिलेली नसेल तर काहीच बाहेर जात नाही.

“स्क्रिप्टशिवाय हे होतच नाही.” पुष्कळदा होतं. रकान्यातल्या ठरावीक नोंदीसाठी ठरावीक शब्द द्यायचा असेल, तर शिबोलेथची मॅप्ड व्याख्या पुरते आणि ती वाचायलाही सोपी असते.

“डिरेक्टरीत प्रकार बदलला की प्रवेश लगेच बंद होतो.” ॲट्रिब्यूट लॉगिनच्या वेळी जातात. प्रकाशकाकडचं आधी सुरू झालेलं सत्र त्याच्या मुदतीपर्यंत जुन्याच शब्दावर चालू राहतं. कोणाचा प्रवेश आजच्या आज थांबवायचा असेल, तर प्रकाशकाला वेगळं कळवावं लागतं.