समांतर जोडणी आणि विद्युत्-नौकेची विश्वासार्हता

कोलकाता आणि हावडा यांमधून वाहणारी हुगळी वरवर संथ दिसते. तथापि दिवसातून दोनदा येणारी भरती तिचा प्रवाह उलटविते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची भिंतच नदीतून वर चढत येते. बंगालीत तिला ‘बान’ म्हणतात. अशा पाण्यात नौकेचे यंत्र थांबले की सुकाणूही निरुपयोगी ठरते, कारण त्याच्या अंगावरून पाणी वेगाने वाहत असेल तरच ते नौकेला वळवू शकते. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने पश्चिम बंगाल शासनासाठी 150 प्रवाशांची ‘ढेउ’, म्हणजे लाट, ही बॅटरीवरील नौका बांधली आहे. अशा नौकांविषयी पहिला प्रश्न उद्भवतो तो हाच, की प्रवाहाच्या मध्यावर वीज तुटली तर काय?

बॅटरी एकदिश विद्युत् देते. चलित्राला बदलत्या वारंवारतेची प्रत्यावर्ती विद्युत् लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. घरोघरच्या इन्व्हर्टरचे कूळ हेच. त्यातील अर्धसंवाहक कळा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यांतील एक जळाली तरी चलित्र थांबू शकते. यास्तव एका मोठ्या इन्व्हर्टरऐवजी अनेक लहान इन्व्हर्टर समांतर जोडतात. एक बिघडला की त्याला वेगळे काढून उरलेले भार वाहतात. लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दोहोंपैकी एक बंद पडून शक्ती निम्मी झाली, तरी सुमारे 79 टक्के वेग शिल्लक राहतो.

दिंडीतील एखादा टाळकरी थांबला तरी भजन चालू राहते. त्याचा टाळ भलत्याच मात्रेवर पडला तर मात्र सारे विस्कटते. इन्व्हर्टरांच्या उघडझापीत अल्पसा फरक पडला, तरी काही प्रवाह चलित्राकडे न जाता त्यांच्यातच फिरतो आणि धडधाकट यंत्रेही तापतात. म्हणून बहुधा एकच नियंत्रक सर्वांना ताल देतो. पेच येथेच आहे. मृदंग थांबला, तर सगळेच टाळ एकदम थांबतात.

ब्रिटिश नौदलात 2009 पासून दाखल झालेल्या टाइप 45 विनाशिकांना याचाच अनुभव आला. उष्ण समुद्रात टर्बाइनची शीतनव्यवस्था अपुरी पडली, टर्बाइन बंद झाले, भार डिझेल जनित्रांवर कोसळला आणि नौका अंधारात गेल्या. चलित्रे शाबूत होती. सर्वांचा सामाईक पुरवठा तुटला होता.

तेव्हा इन्व्हर्टरांची संख्या मोजून भागत नाही. बॅटरी, शीतक पाणी, नियंत्रक यांपैकी काय सामाईक आहे ते शोधून, तेच घाटाजवळ एकदा मुद्दाम बंद करून पाहावे, ही खरी परीक्षा होय.