शटर, खिडकी आणि वजनाचा तोल

जव्हारच्या बाजारपेठेत सकाळी एकामागून एक शटरं वर जातात. आठ फूट रुंद, आठ फूट उंच आणि सव्वा मिलिमीटर जाड पत्र्याचं शटर असेल तर ते सत्तर-ऐंशी किलो सहज भरतं. एवढं वजन डोक्याच्या वर नेणं धडधाकट हमालालाही सोपं नाही. तरी किराणा दुकान उघडणारी बाई वाकून कडीत हात घालते, एक हिसका देते आणि शटर खडखडत वर जातं. तिच्या हाताला त्या वजनाचा जेमतेम काही अंश लागतो. बाकीचं सगळं वजन वरच्या गुंडाळीच्या आत, पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगा पेलतात.

जड वस्तू उभी वरखाली करायची, ती मध्येच कुठेही थांबली पाहिजे, आणि हाताला भार जाणवता कामा नये. हे कोडं शटरच्या कितीतरी आधी खिडकीने सोडवलं. १६७०च्या दशकात इंग्लंडच्या राजवाड्यांत आणि लंडनजवळच्या हॅम हाउससारख्या सरदारी घरांत वरखाली सरकणाऱ्या काचेच्या खिडक्या आल्या. एका चौकटीत दोन झडपा, एकीमागे एक, आपापल्या खाचेतून उभ्या सरकणाऱ्या. त्याआधीच्या सरकत्या झडपा वर ढकलून खुंटीवर किंवा खाचेत अडकवाव्या लागत. खुंटी निसटली की झडप धाडकन खाली यायची. सुतारांनी यावर उपाय काढला. झडपेच्या दोन्ही अंगांना दोरी बांधली, दोरी चौकटीच्या माथ्यावरच्या कप्पीवरून पलीकडे सोडली आणि तिच्या टोकाला शिशाचं किंवा बिडाचं वजन टांगलं. ही वजनं चौकटीच्या पोकळ खांबात लपलेली असत. झडप वर गेली की वजनं खाली, झडप खाली आली की वजनं वर. हात फक्त घर्षणाशी झगडतो.

हिशेब सोपा आहे आणि करून पाहण्यासारखा आहे. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच झडपेत पाच मिलिमीटरची काच बसवली तर नुसती काच पावणेसात किलोंची. सागवानी चौकट धरून झडप दहा किलोंची समजू. म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोंची वजनं हवीत. चार सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा दंडगोल घेतला तर पाच किलोंसाठी तो सुमारे ५५ सेंटिमीटर लांब करावा लागतो. शिशाचा घेतला तर ३५ सेंटिमीटरमध्ये भागतं. खांबाची उंची ठरलेली असते आणि वजनाला वरखाली जायला आत मोकळी जागा लागते, म्हणून रुंद आणि जड झडपांना शिसं वापरत.

त्यात सुतारांची आणखी एक बारीक समज होती. खालच्या झडपेची वजनं ते झडपेपेक्षा किंचित हलकी ठेवत, म्हणजे बंद केल्यावर ती आपल्या भाराने खालीच बसून राहते. वरच्या झडपेची वजनं किंचित जड, म्हणजे ती वरच चिकटून राहते. नेमका तोल साधणं त्यांना जमत होतं. त्यातून मुद्दाम थोडं कुठे ढळायचं हेही त्यांना ठाऊक होतं. पुढे कोणी जाड काच बसवली की हा सगळा तोल बिघडे आणि वजनं पुन्हा जुळवावी लागत. लंडनमध्ये आगीच्या भीतीने कायदे झाले. १७०९च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४च्या कायद्याने वजनांचे खांब विटांच्या आड गेले.

वजनाने वजन तोलण्याची युक्ती आपल्याकडे अनोळखी मुळीच नव्हती. कोकणातल्या बागायतीत पाणी काढायला लाट असायची. खांबावर आडवं लाकूड, एका टोकाला लांब काठी आणि तिला कोळंबं, दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. माणूस रिकामं कोळंबं जोर लावून खाली ओढतो, भरलेलं कोळंबं दगड वर आणतो. ओझं वर ओढण्याऐवजी माणूस आपल्या अंगाचा भार टाकून खाली ओढतो, आणि शरीराला ते कितीतरी सोपं पडतं. शास्त्राचं पुस्तक न उघडता शेतकऱ्याने साधलेली ही गोष्ट मला त्या इंग्रज सुतारांच्या कामाइतकीच मोलाची वाटते.

मग वजनांची खिडकी आपल्या घरांत का रुजली नाही? जव्हार-मोखाड्यात याची कारणं भिंतीतच दिसतात. वारल्यांचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर माती आणि शेणाचा लेप द्यायचा. अशी भिंत वजनाची चौकट पेलू शकत नाही आणि तिला मोठ्या खिडकीची गरजही नव्हती. धूर कुडाच्या फटींतून आणि छपरातून जातो, उजेड दारातून येतो. गावातल्या पक्क्या घरांनी दोन झडपांची, लोखंडी गजांची खिडकी घेतली. कारण उकाड्यात खिडकी पूर्ण उघडी हवी. वरखाली सरकणारी खिडकी केव्हाही अर्धीच उघडते, दुसरा अर्धा भाग काचेनेच झाकलेला राहतो. शिवाय इथला पाऊस. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, खाचेत झडप घट्ट बसते, आणि दोर ओलाव्याने कुजतो. खांबाच्या पोकळीत वाळवीने घर केलं तर बाहेरून कळतही नाही. डोंगरावरचा जयविलास राजवाडा पाश्चात्त्य धाटणीचा आहे, पण त्याचं अनुकरण करून गावाने आपल्या खिडक्या बदलल्या नाहीत. माझ्या मते गावाने योग्यच केलं.

बाजारात मात्र वेगळं घडलं. पूर्वी दुकानं फळ्यांनी बंद होत. एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटी आडवा दांडा आणि कुलूप. फळ्यांचा क्रम चुकला की पुन्हा सगळं काढायचं. शटर आलं आणि दोन मिनिटांत दुकान बंद होऊ लागलं. हे शक्य झालं ते स्प्रिंगमुळे, आणि इथे खिडकीपेक्षा वेगळी गंमत आहे.

खिडकीच्या झडपेचं वजन वरखाली होताना बदलत नाही. दहा किलो ते दहाच किलो. शटरचं तसं नाही. पूर्ण वर गुंडाळलेलं असताना त्याचा भार पाइपावर असतो, खाली ओढायला जवळपास काहीच लोंबत नसतं. निम्मं उतरलं की निम्मं वजन लोंबतं, पूर्ण उतरलं की सगळं. म्हणजे तोलायचा भार सतत वाढतो. आता स्प्रिंग बघा. शटर खाली येताना पाइप फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. जितके फेरे जास्त, तितका पिळाचा जोर जास्त. लोंबणारं वजनही त्याच वेळी वाढतंय. दोन्ही हातात हात घालून वाढतात, म्हणून साध्या स्प्रिंगनेही काम भागतं. जोर ताणाच्या प्रमाणात वाढतो हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने लंडनमध्ये १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. वजनांच्या खिडक्या त्याच शहरात तेव्हा नव्या होत्या. त्या खिडकीला त्याचा नियम गैरसोयीचा ठरतो, शटरला मात्र अगदी सोयीचा.

हे मर्म आपल्या शटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला ठाऊक असतं, शब्द वेगळे असतात इतकंच. शटर जड झालं की तो म्हणतो, स्प्रिंग ढिली पडलीय, दोन फेरे पीळ द्यावा लागेल. भारतीय मानकांप्रमाणे हाताने ओढून उघडायचं शटर बॉल बेअरिंगसह १२ चौरस मीटरपर्यंतच असावं. त्याहून मोठ्याला गिअर आणि साखळी हवी. बाजारात हा नियम सर्रास मोडतात. मोठ्या गाळ्याला स्वस्तातलं शटर बसवतात आणि मग दुकानदाराची कंबर त्याची किंमत भरते. जव्हार-मोखाड्याच्या आयटीआयमधली मुलं फिटरच्या अभ्यासाबरोबर शटरच्या स्प्रिंगचा हिशेब शिकली, तर त्यांना गावातच काम मिळेल आणि गावाला नीट मिस्त्री मिळतील.

तिसरा प्रकार पानाच्या टपरीवर सापडतो. टपरीची पुढची झडप वरून बिजागरीवर असते. सकाळी ती वर उचलून काठीचा टेकू द्यायचा, की तीच छप्पर होते. इथे वजन तेच असलं तरी हाताला त्याचा भार कोनाप्रमाणे बदलतो. झडप उभी लोंबत असताना उचलायला हलकी, आडवी होत जाताना सर्वांत जड. म्हणून साधा टेकू लागतो, किंवा मोटारीच्या मागच्या दाराला असतो तसा वायूच्या दाबाचा दांडा. कोणती वस्तू कशी तोलायची हे तिचं वजन हलताना कसं बदलतं यावर ठरतं. तोलाची साधनं निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

वजन न बदलणाऱ्या खिडकीसाठी स्प्रिंग वापरायची तर हूकच्या नियमाला वळसा घालावा लागतो, आणि तिथे अभियंत्यांनी सुंदर कामं केली आहेत. एका प्रकारात पोलादाची पातळ पट्टी मुळातच घट्ट वेटोळं राहील अशी घडवलेली असते. ओढली की सरळ होते. जोर लागतो तो फक्त वेटोळ्यातून बाहेर पडणाऱ्या वळणाशी. ते वळण प्रत्येक क्षणी जवळपास सारखंच असल्याने ओढही शेवटपर्यंत सारखी राहते. दुसऱ्या प्रकारात पिळदार पट्टी नायलॉनच्या चाकीतून सरकते आणि स्प्रिंगला पीळ देते. पट्टीचा पीळ सगळीकडे सारखा नसतो. स्प्रिंगचा जोर वाढतो तसा तो बदलत जातो, म्हणजे हाताला मात्र सारखाच जोर लागतो. तिसऱ्या प्रकारात लांब स्प्रिंग आणि दोरी-कप्प्यांची जोडणी असते, त्यामुळे झडप पुष्कळ सरकली तरी स्प्रिंग थोडीच ताणते.

अशाच खिडक्यांतल्या काही झडपा सरकतात आणि आतल्या बाजूला कलतातही, म्हणजे बाहेरची काच घरातूनच पुसता येते. झडपेच्या तळाशी दोन्ही बाजूंना छोटे दांडे असतात. ते चौकटीच्या आतल्या सरकत्या ठोकळ्यात बसतात आणि त्या ठोकळ्याला स्प्रिंग जोडलेली असते. झडप कलली की दांडा पाव फेरा फिरतो आणि ठोकळा फुगून चौकटीला घट्ट धरतो. हे कुलूप लागलेलं नसताना झडप काढली तर ताणलेली स्प्रिंग ठोकळा सरळ वर फेकते, म्हणून अशी झडप काढताना दोन्ही बाजूंचे ठोकळे अडकल्याची खात्री करावी लागते.

आपल्याकडे अशा खिडक्या क्वचित दिसतात. नव्या बंगल्यांत आणि पर्यटकांच्या निवासांत अॅल्युमिनियमच्या आडव्या सरकत्या खिडक्या असतात. आडवी झडप चाकांवर उभी राहते, तिचा भार खालची पट्टीच पेलते, म्हणून तोलाची गरजच नाही. पण मुसळधार पावसात तिच्या खाचेत पाणी साचतं, निचऱ्याची भोकं मातीने बुजतात आणि पाणी खोलीत येतं. उभ्या सरकत्या खिडकीची उंबरठ्याची फळी बाहेर उतरती असते, पाणी थांबत नाही. शिवाय वरची झडप थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की गरम हवा वरून बाहेर जाते, गार हवा खालून आत येते. स्वयंपाकघराला हे फार उपयोगी. बाहेर लोखंडी जाळी असलेल्या दुमजली घराला आत कलणारी झडप तर वरदानच ठरेल. डोंगरात नवं घर बांधणाऱ्यांनी निदान एका खोलीत हा विचार करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

वजनाने तोललेली काचेची झडप जवळून पाहायची असेल, तर विज्ञान महाविद्यालयाची रसायनशाळा गाठावी. विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाची काच पोलादी तारेला बांधलेली असते आणि मागे लपलेलं वजन तिला तोलून धरतं. आम्लाच्या वाफेने तार गंजते, म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी लागते. तुटली तर काच हातावर येते. कसाऱ्याला उतरून मुंबईची गाडी धरणाऱ्या खोडाळ्याच्या प्रवाशांना उलट अनुभव माहीत आहे. लांब पल्ल्याच्या जुन्या डब्यातली उभी सरकणारी खिडकी नुसत्या खटक्यांवर टिकते, तोल कसलाच नाही. खटका नीट न बसल्यास ती बोटांवर पडते. म्हणून वर केल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हात काढू नये.

शटरच्या बाबतीत पावसाळ्याआधी दोन कामं करावीत. बाजूच्या खाचांतली माती काढून तेल सोडावं, आणि उचलताना जोर मधोमध लावावा, म्हणजे पट्ट्या वाकड्या होऊन अडकत नाहीत. स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नये. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर हाड मोडू शकतो, ते काम मिस्त्रीचंच. तोल बरोबर आहे का हे पाहायची रीत सोपी आहे: शटर कमरेपर्यंत आणायचं, बाजूला उभं राहायचं आणि हात सैल करायचा. जागेवर थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरलं तर पीळ कमी पडलाय. आपोआप वर पळालं तर पीळ जास्त झालाय, आणि त्याही वेळी मिस्त्रीला बोलवायचं, कारण असं शटर बंद करताना सगळं अंग लावावं लागतं आणि संध्याकाळी कुलूप लावणारा माणूस दमलेला असतो.